हजेरीची वही कुणाकडे?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत संप क्वचित होतो, खाडे मात्र रोज पडतात. हजेरीपुस्तकाच्या लेखी खाडा म्हणजे गैरहजेरी आणि त्या दिवसाची कापलेली मजुरी. ओव्हरटाइमचे पैसे कमी आले म्हणून सोमवारी मुद्दाम घरी बसलेला हेल्पर आणि पोराला ताप आला म्हणून न आलेला हेल्पर, दोघांच्याही नावापुढं सारखीच फुली. सुपरवायझरला मात्र फरक कळतो. ट्रक भरायचा असेल, भट्टीवर माणूस कमी असेल, तर दहाच्या सुमाराला त्याचा फोन जातो : ये बाबा, बघू काय ते. या फोनला कायद्यात नाव नाही. पण कमी पगाराच्या, युनियन नसलेल्या कामगाराच्या वाट्याला येणाऱ्या वाटाघाटी बहुतेक वेळा एवढ्याच असतात.

'असंघटित' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की त्याचा अर्थ 'मुका' असाच होऊन बसला आहे. देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कामगार अनौपचारिक आहेत, हे अर्जुन सेनगुप्ता आयोगानं २००७ मध्येच मांडलं. त्यावरून आपण परस्पर ठरवून टाकलं, की हे सगळे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातात. प्रत्यक्षात तसं नसतं, आणि ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. ॲना पोलर्ट आणि अँडी चार्लवुड यांनी ब्रिटनमधल्या कमी पगाराच्या, युनियन नसलेल्या ५०१ कामगारांच्या अडचणींचा अभ्यास केला होता. त्यासाठीची पाहणी २००४ सालची. त्यातले बहुतेक जण गप्प बसलेले नव्हते. पहिली धाव वरच्या साहेबाकडं होती, तीही तोंडी. हाती मात्र फारसं काही लागलं नाही, आणि अनेकांनी शेवटी नोकरी सोडली. कायद्यानं बळकट असलेल्या देशात ही तऱ्हा, तर कुपवाडमध्ये वेगळं काय होणार? पण वेगळं थोडं आहे, आणि ते पाहण्याजोगं आहे.

कुपवाड सांगली आणि मिरज यांच्या मध्ये. १९९८ मध्ये तिन्ही मिळून महापालिका झाली. कुपवाड आणि मिरजेच्या वसाहती शेजारी-शेजारी. फाउंड्री, मशीन शॉप, सूत, खाद्यपदार्थ, रसायनं, पॅकिंग अशी मिसळ. मोठे कारखाने थोडे, पत्र्याच्या शेडमधले जास्त. जत, कवठेमहांकाळकडून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेली माणसं, फाउंड्रीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची. आधी आलेल्यांनी गुंठेवारीत अर्धा-एक गुंठा घेऊन खोल्या बांधल्या. हे घर आपल्या विषयात फार महत्त्वाचं. ज्याचं घर इथं, तो साहेबाशी भांडून गाव सोडू शकत नाही. पण कंपनी सोडू शकतो, कारण पुढची कंपनी रस्ता ओलांडला की आहे. ज्याचं घर गोरखपूरकडं आणि इथली झोपायची खोलीही ठेकेदारानं दिलेली, त्याला रस्ता ओलांडणं तेवढं सोपं नाही.

'हिशेब करा माझा' हे या वसाहतीतलं सगळ्यात कडक वाक्य. ते बोलला की माणूस सुटला. बदली कामगाराची चणचण असेल तेव्हा या वाक्याला जोर येतो, मंदीत ते कुणी उच्चारत नाही. म्हणजे कामगाराच्या बोलण्याची किंमत त्याच्या तक्रारीच्या खरेपणावर ठरत नाही, बाहेर दुसरं काही मिळतंय का यावर ठरते. हे ओळखणारा एक माणूस याच जिल्ह्यातला होता. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. पुढं १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभरची योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला. योजनेचा विचार दुष्काळी शेतमजुरासाठी होता. पण मागेल त्याला काम मिळतं म्हटल्यावर गावातल्या बागायतदाराला मजुरी वाढवून द्यावी लागली, हा तिचा न लिहिलेला परिणाम. वसाहतीतल्या हेल्परला असा आधार नाही. त्याचा आधार म्हणजे शेजारची शेड, आणि तिथंही पगार तेवढाच.

हिशेब मागण्याआधीच्या पायऱ्या मात्र बऱ्याच असतात. पहिली सुपरवायझर. दुसरी ठेकेदार, म्हणजे ज्यानं कामाला लावलं तो. ठेकेदार हा पगार देणारा, ओळखीचा, बहुतेकदा गावाकडचा किंवा नात्यातला, अडीनडीला पैसे देणारा आणि काढून टाकणाराही. मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर असाच होता. भरती त्याच्या हाती, त्यासाठी दस्तुरी घ्यायचा, आणि गाववाल्यांच्या वतीनं साहेबाशी बोलायचाही तोच. सातारा-सांगलीकडच्या हजारो घरांनी हा जॉबर पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यातले कित्येक या भागातल्या गावांत परतले. काही जण खानापूर तालुक्यात भारत पाटणकर यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीत आले आणि पाण्यासाठी लढले. त्यांची पुढची पिढी वसाहतीत आली ती ठेकेदाराचा हात धरून. जॉबर गेला, त्याची गादी रिकामी राहिली नाही.

ठेकेदाराकडून मिळते ती उचल. लग्न, दवाखाना, दिवाळी, खोलीवर पत्रा टाकायचा, कशालाही. उचल म्हणजे वेठबिगारीची साखळी, असं आपण वाचत आलो आणि ते खरंच आहे. ऊसतोडीत ती साखळी उघडी दिसते. बीडकडच्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडप्याला, हंगामाआधी उचल द्यायची आणि हंगामभर कापून घ्यायची. पण साखळीला दोन टोकं असतात. उचल घेऊन टोळी आलीच नाही, अशा फिर्यादी सांगली जिल्ह्यात दर हंगामाला होतात, आणि त्यात नेहमी मुकादमच खोटा असतो असंही नाही. वसाहतीतला कामगार एवढं टोक गाठत नाही. त्याचं गणित साधं असतं : माझ्या अंगावर वीस हजार आहेत तोवर ठेकेदार मला काढणार नाही. नोकरीची हमी कायद्यात सापडली नाही म्हणून ती कर्जात शोधलेली. मला हा सगळा हिशेब भयंकर वाटतो, पण तो मूर्खपणाचा नाही.

बायकांचं वेगळं. पॅकिंगला, सूतगिरणीत, खाद्यपदार्थांच्या शेडमध्ये त्या गटानं येतात, गटानं जातात. सुपरवायझरच्या तोंडाबद्दलची तक्रार एकटी क्वचित करते, चौघी मिळून उंबऱ्याशी थांबतात. स्वच्छतागृह नाही, उशिरापर्यंत थांबवतात, हात लावून बोलतो, या गोष्टी 'आम्ही उद्यापासून येत नाही' एवढ्या वाक्यात बसवल्या जातात. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं असलेल्या जागी अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. शेडमधल्या बाईला ही दुसरी समिती असल्याचंच माहीत नसतं. शिवाय तिच्या दारात दर आठवड्याला फायनान्सचा हप्ता येतो. पुरुषाला ठेकेदाराची उचल बांधते, बाईला गटाचं कर्ज. तिनं काम सोडलं तर हप्ता गटातल्या बाकीच्या जणींवर पडतो. म्हणून तिच्या राजीनाम्याला घरच्यांबरोबर शेजारणींचीही परवानगी लागते.

तिसरी पायरी बाहेरच्या माणसाची. नगरसेवक, गल्लीतला कार्यकर्ता, समाजाचा पुढारी, एखादा युनियनवाला ज्याची कारखान्यात युनियन नाही पण दबदबा आहे. अडलेला पगार, बोट गेल्यावरची भरपाई, अचानक बंद केलेलं काम, असल्या गोष्टी तिथं जातात आणि बऱ्याचदा तासाभरात मिटतात. सरकारी कचेरीत वर्ष लागेल ते फोनवर होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. अडचण अशी की कित्येक वसाहतींत कामगार पुरवणारा ठेकेदारही त्याच पुढाऱ्याचा माणूस असतो. शिवाय पैसे मिळतात ते त्या एकाला. शेजारी उभ्या असलेल्या पाच जणांचा ओव्हरटाइम सिंगल रेटनंच चालू राहतो, जरी कायदा दुप्पट सांगत असला तरी. ज्याचं मिटलं तो आयुष्यभर पुढाऱ्याचा मिंधा. हक्काचं रूपांतर उपकारात होण्याची ही जागा, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म इथंच आहे. कामगार बोलतो, त्याला थोडंफार मिळतंही, पण त्याची नोंद कुठंच होत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्याला तीच शिडी पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

मालकांबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. पत्र्याच्या शेडचा मालकही आपल्या वरच्या गिऱ्हाईकापुढं असाच उभा असतो. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानं मोठ्या कंपनीनं त्याचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत, न दिल्यास व्याजासकट. तक्रार करायची सोय आहे, संकेतस्थळ आहे. तरी तो करत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करणार, म्हणतो. त्याच तोंडानं तो विचारतो, की माझ्या पोरांना अडचण होती तर लेबर ऑफिसला जायच्या आधी मला का नाही सांगितलं?

लेबर ऑफिस, म्हणजे सांगलीतलं सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय, ही शेवटून दुसरी पायरी. तिथं जाणारा बहुधा नोकरी गेलेला असतो. नोकरीत असताना कुणी जात नाही. आणि गेल्यावर पहिला प्रश्न येतो कागदाचा. नेमणुकीचं पत्र? नाही. पगाराची पावती? पाकिटात रोख मिळायचा. ओळखपत्र? ठेकेदाराच्या नावाचं, आणि तो ठेकेदार आता 'काम बंद केलं' म्हणतो. बोट गेलेल्या माणसालाही विम्याचं कार्ड विचारतात. दहा माणसांपासून कामगार विमा आणि वीस माणसांपासून भविष्य निधी लागू होतो, म्हणून एकाच शेडला दोन फर्मची नावं आणि वहीत एकोणीस जण, ही युक्ती जुनी आहे. अपघात झाल्या दिवशी नाव चढवायची युक्ती त्याहून जुनी.

कोर्टात गेलं की हीच वही आणखी मोठी होते. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत सलग २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कायम होण्याचा हक्क दिलेला होता. परिणाम काय झाला? सात महिने झाले की 'ब्रेक'. आठ-पंधरा दिवस घरी बस, मग नव्या नावानं नवी हजेरी. ब्रेक हा शब्द आता इतका रुळला आहे, की कामगार स्वतःच म्हणतो, 'मी सध्या ब्रेकवर आहे', जणू दौऱ्यावर आहे. २४० दिवस भरले हे आधी कामगारानं दाखवायचं, नुसत्या शपथपत्रानं भागणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये एका निकालात सांगितलं. पुढच्या निकालांत थोडी वाट झाली, की कामगार मालकाकडून हजेरीपट मागवू शकतो. म्हणजे वही ज्याच्या कपाटात आहे त्यानंच ती काढून द्यायची.

वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमचे लाभ नाकारणं ही अनुचित प्रथा आहे, असं महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा म्हणतो. राज्याचा हा कायदा देशात नावाजलेला. पण ठेकेदारी कामगार तिथं गेला की प्रश्न येतो : मूळ कंपनी तुमची मालक आहे हे आधी सिद्ध झालंय का? कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन्ही प्रकरणांत २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की मालक-नोकराचं नातं वादात असेल तर आधी दुसऱ्या न्यायपीठाकडून ते ठरवून या. त्याच वर्षी स्टील अथॉरिटीच्या निकालानं ठेका पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असं ठरलं. किमान वेतनाहून कमी पगार देणं म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमातली वेठबिगारी, असं याच न्यायालयानं १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणात म्हटलं होतं, तेही एका पत्रावरून सुरू झालेल्या खटल्यात. त्या निकालापासून या निकालांपर्यंत एकोणीस वर्षांचं अंतर. कामगार वकिलांना विचाराल तर शतकाचं म्हणतील.

मग उपाय म्हणून युनियन काढा, असं सांगणं फार सोपं आहे. सात जणांना नोंदणी करता येते, हे १९२६ पासून कायद्यात आहे, नंतर किमान दहा टक्के किंवा शंभर सभासदांची अट जोडली गेली. पण चौदा माणसांच्या शेडमध्ये पहिल्या सातांची नावं कळली की ती सात माणसं दुसऱ्या दिवशी गेटबाहेर. यावर आपल्या इतिहासातलं एक जुनं उत्तर आठवतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचं निवेदन कारखाना आयोगाकडं दिलं. मागण्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, इजा झाल्यास भरपाई, आणि मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. लोखंड्यांच्या संघटनेला ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना नियम. सरकारी अहवालातच तसं लिहून ठेवलं आहे. आजच्या व्याख्येत ते सगळे असंघटितच. तरी १० जून १८९० ला रविवार मिळाला. सह्या एकत्र होत्या, म्हणून एकेकट्याला हुडकून काढणं मालकांना सोपं नव्हतं. पगाराची तारीख आता कायद्यानं सातवर आली आहे. कुपवाडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, पंधराच्या आत हातात पडला तर कामगार खूश असतो.

दुसरं उत्तर कुपवाडपासून काही किलोमीटरवर, सांगलीच्या मार्केट यार्डात आहे. हळदीची, गुळाची पोती उचलणारा हमाल शिक्षणानं, जमिनीनं, पगारानं वसाहतीतल्या हेल्परहून वरचा नव्हता. त्याला एक मालकही नव्हता. आज या अडत्याकडं, उद्या त्या. म्हणून नेहमीची युनियन त्याला लागूच पडत नव्हती. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, सांगलीत बापूसाहेब मगदूम हमालांचं काम करत राहिले. या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यातली युक्ती अशी, की मालक कोण हा प्रश्नच बाजूला ठेवला. टोळी मंडळाकडं नोंदवायची, व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं हमालाला पगार द्यायचा आणि त्या लेव्हीतून भविष्य निधी, बोनस, ग्रॅच्युइटी सांभाळायची. अडत्या बदलला तरी खातं तेच. थोडक्यात, हजेरीची वही मुकादमाच्या आणि अडत्याच्या हातून काढून तिसऱ्याकडं दिली.

या कायद्याचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्या राज्यभरच्या वसाहतींत फोफावल्या. न उचललेल्या मालाची मजुरी मागितली गेली. उद्योजक 'माथाडी' म्हटलं की दचकतात, आणि त्यांच्या दचकण्याला कारण आहे. पण खोटी माणसं वहीत शिरतात म्हणून वहीच नको, हा तर्क मला पटत नाही. सातबाऱ्यातही खोट्या नोंदी होतात, म्हणून आपण सातबारा फाडून टाकला नाही. पुण्याच्या कचरावेचक बायकांनी आढावांच्याच प्रेरणेनं १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काढली, तेव्हा त्यांच्या पहिल्या मोठ्या कमाईंपैकी एक होती महापालिकेनं मान्य केलेलं ओळखपत्र. पोलिसांनी पोतं हिसकावलं तर दाखवायला काहीतरी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांची बरीच चर्चा मोठ्या कारखान्यांच्या अंगानं झाली. पत्र्याच्या शेडच्या अंगानं पाहिलं तर चित्र तिरपागडं आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, ही तरतूद चांगली. काम सुटल्यावर दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा, मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानं ग्रॅच्युइटी, याही. दुसऱ्या हातानं मात्र वीजजोडणीच्या कारखान्याची मर्यादा दहा माणसांवरून वीसवर नेली आणि स्थायी आदेशांची तीनशेवर. निरीक्षक आता 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' झाला आणि कुठं तपासणी करायची ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. पत्र मिळणार, पण पत्र न दिल्यास बघायला येणारा कमी. महापालिका हद्दीतली चौदा माणसांची शेड कारखाना या व्याख्येतूनच बाहेर गेली, तर तिथल्या माणसानं कुठल्या खिडकीत उभं राहायचं?

एक बदल मात्र कायद्याच्या गाजावाजाविना आधीच झाला आहे. २०१४ पासून भविष्य निधीचा खातेक्रमांक कामगाराच्या नावाला चिकटला, कंपनीला नाही. ब्रेकनंतर नव्या फर्मच्या नावावर घेतलं तरी जुन्या नोंदी त्याच क्रमांकाखाली दिसतात. ठेकेदारानं पैसे कापले आणि भरले नाहीत, हे कळायला पूर्वी कोल्हापूरच्या कार्यालयात खेटे घालावे लागत. आता मोबाइलवर दिसतं. वहीचं एक पान कामगाराच्या हातात आलं म्हणायचं. बारावी झालेली नवी पोरं ते बघतात आणि ठेकेदाराला तोंडावर विचारतात. पूर्वी विचारायची हिंमत नव्हती असं नाही, पुढं करायला आकडा नव्हता.

बाकीची पानं ही पोरं आपापल्या परीनं जमवायला लागली आहेत. 'उद्या दोन शिफ्ट करायची' हा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप संदेश खोडत नाहीत. घरी गेल्यावर आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ पाठकोऱ्या वहीत टिपतात. हजेरीपटाचा फोटो मिळाला तर सगळ्यात उत्तम. फक्त बऱ्याच गेटवर मोबाइल वॉचमनकडं जमा करूनच आत सोडतात.